वंशावळीतली तुटक रेघ

६ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार लिहीत नाही. तो लिहिला की पुढचं लिहिताना हात अडखळतो, आणि आज मला न अडखळता लिहायचं आहे. फोन केला असता, पण तुम्हाला नको असलेलं बोलणं सुरू झालं की तुमच्या कानाचं यंत्र नेमकं बंद पडतं. कागदाला ती सोय नाही.

तुमची वंशावळ नळीतून पोचली. रविवारी लेक बसडेपोतल्या दुरुस्तीच्या कामावरून परस्पर जेवायला आला होता. "काकांनी पाठवलंय," म्हणून त्यानेच नळीचं झाकण काढलं. ताटं बाजूला सारून टेबलावर कागद पसरला, कोपऱ्यांवर पेले ठेवले आणि वरून बोट फिरवत निघाला. खापरपणजोबांचे आजोबा, मग वडील, मग खापरपणजोबा आणि खाली एकेक पिढी. "आई, बाबा इथे आहेत बघ," म्हणाला. तिथून बोट खाली आलं आणि थांबलं. सगळ्या घराण्याला सरळ, ठसठशीत रेघा. आमच्या चौकटीतून माझ्या मुलापर्यंत मात्र तुकडे तुकडे. आणि खाली कोपऱ्यात, तुमच्या त्या देखण्या अक्षरात, 'तुटक रेषा : दत्तक'. एवढ्या मोठ्या कागदावर अशी रेघ एकच. त्या एका रेघेसाठी तुम्ही तळटीप लिहिलीत.

त्याने कागद गुंडाळला, नळीत घातला, झाकण लावलं. "उद्या लवकर ड्युटी आहे," म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला. तेव्हापासून आलेला नाही. विचारलं की काम आहे म्हणतो.

संस्थेतून आणलं तेव्हा तो बूट उशाशी घेऊन झोपायचा. परत पाठवलंच तर शोधायला नकोत म्हणून. ते बूट दाराजवळ ठेवायला तो आपणहून शिकेपर्यंत तुमचे भाऊ आणि मी किती जागलो ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तेव्हा तुम्ही आमच्याच घरी राहत होतात. त्याला पेन्सिल धरायला तुम्ही शिकवलंत. त्याच हाताने हे काढलंत? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. उत्तर द्या.

वहिनी


१४ जानेवारी

वहिनींना सादर नमस्कार. (मी मात्र लिहितो.)

पत्र वाचून वाईट वाटलं. पण रागाच्या भरात तुम्ही वड्याचं तेल वांग्यावर काढताय असं स्पष्ट सांगतो.

मी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले. भिंत असेल तिथे भिंत, दार असेल तिथे दार. मालकाला वाईट वाटेल म्हणून मी कधी जिना हलवला नाही. वंशावळ हाही नकाशाच आहे. जे जसं आहे तसं दाखवायचं. आणि आमच्या कामात तुटक रेषा म्हणजे कमी प्रतीची रेषा नव्हे. समोरून दिसत नाही, पण जागेवर आहे, अशी कड आम्ही तुटक रेषेने दाखवतो. त्यात अपमान कसला? मला तो मुलगा किती प्रिय आहे हे मी रेषेने सांगायचं का?

तुम्हाला कल्पना नसेल, पण या कामात मी स्वतःला झोकून दिलंय. मेमध्ये आमचे चुलतभाऊ वकीलदादा घराण्याचा मेळावा भरवताहेत, तिथे हा कागद भिंतभर मोठा करून लावायचा आहे. खापरपणजोबांनी गावच्या ओढ्यावर पाणचक्की चालवली, पंचक्रोशीचं धान्य त्यांच्याकडे दळायला यायचं. त्यांचे वडील आणि आजोबाही चक्कीवालेच. ही नावं बाबांनी मला लहानपणी कान धरून पाठ करायला लावली होती. परीक्षेत नापास झालो की म्हणायचे, चक्कीवाल्यांचं रक्त आहे तुझ्यात, लाज वाटू दे. ते रक्त कुठून आलं एवढंच मला बघायचं आहे. पुढच्या महिन्यात स्वतः गावी जाऊन चक्कीची मापं घेणार आहे आणि आणखी एखादी पिढी वर सापडते का ते पाहणार आहे.

मुलाला समजावून सांगा. तो समजूतदार आहे.

आपला,
भाऊजी


२१ जानेवारी

भाऊजी,

समजावून सांगा म्हणे! काय सांगू? की बाळा, तू समोरून दिसत नाहीस?

तुमचं काम तुम्ही सांगितलंत, आता माझं ऐका. मी शाळांचे गणवेश शिवते. बाही नीट बसते का बघायला आधी लांब लांब टाके घालते. अगदी तुमच्या रेघेसारखे दिसतात ते. त्याला कच्चा टाका म्हणतात. मशीनची पक्की शिलाई पडली की तो ओढून काढायचा आणि केरात टाकायचा. माझा मुलगा बत्तीस वर्षांचा झाला. त्याने बापाचं आजारपण काढलं. रात्रपाळी करून सकाळी दवाखान्यात बसायचा. तुम्ही, सख्खे भाऊ, दोनदा येऊन गेलात, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांशी बिलाच्या छपाईबद्दल बोललात. शेवटच्या घटकेला त्यांनी हात धरला तो याचा. तरी तुमच्या लेखी त्याचा कच्चा टाका काही निघत नाही.

रक्त, रक्त काय लावलंय? रक्त दवाखान्यात बाटलीतूनही मिळतं.

तो अजून आलेला नाही. डेपोत डबा घेऊन गेले तर मित्राला पुढे केलं. "साहेब गाडीखाली आहेत," म्हणे. मला त्याचे पाय दिसत होते. आता ऐका, मला कागदाशी देणंघेणं नाही. मला माझा मुलगा घरात हवा आहे. तो तुमच्यामुळे गेला, तुम्हीच त्याला आणून द्यायचा. त्याला चार ओळी लिहा. चुकलो म्हणा. एवढं जमेल?

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

उशिराबद्दल क्षमस्व. गावी जाऊन आलो. विशेष काही हाती लागलं नाही. चक्की पडलेली आहे, लोकांना जुनं काही माहीत नाही, जो तो आपल्या मनाचं सांगतो. प्रवासाने कंबर धरली.

तुमच्या पत्रावर मी बराच विचार केला. भावना महत्त्वाच्या. म्हणून मी कागद नव्याने काढला आहे. आता सगळ्या रेषा सरळ आहेत, एकही तुटक नाही, तळटीपही काढली. सोबत पाठवतो आहे. मुलाला दाखवा. आता तुमची तक्रार राहू नये.

वर जागा कमी पडत होती म्हणून सुरुवात खापरपणजोबांपासूनच केली आहे. वकीलदादांनाही तेच सुटसुटीत वाटलं.

हा विषय आता इथे संपवू या.

भाऊजी


१९ मार्च

भाऊजी,

विषय संपवणारे तुम्ही कोण?

तुमचा नवा कागद उघडला तेव्हा, खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. वाटलं, माणूस वाकला. फोनवर मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "का? काकांना दया आली?" आणि ठेवून दिला. मग मी कागद पुन्हा बघितला. वरची दोन माणसं गायब! कान धरून पाठ करायला लावलेली नावं! जागा कमी पडली? तुम्हाला? आमच्या दोन खोल्यांत तुम्ही कागदावर तीन खोल्या बसवून दाखवल्या होत्या. जागा कमी पडत नव्हती, भाऊजी. काहीतरी खुपत होतं. तुमच्या पोटात एक आणि ओठांत एक, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे.

म्हणून मी गावी गेले. शाळांची तातडीची शिवणं बाजूला टाकून, बस बदलत बदलत, एकटी गेले. ओढ्याकाठी गुडघाभर भिंती उरल्यात. चक्कीचा एक दगड उताणा पडलाय, त्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. शेजारच्या घरात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती.

"तुम्ही पण चक्कीवाल्यांच्यातल्या का?" तिनेच विचारलं. "मागे एक साहेब येऊन गेले. भिंत मोजली, दगड मोजला. मग माझं ऐकलं आणि मटकन खालीच बसले. पाणी दिलं तर पेला हातात तसाच."

"असं काय सांगितलंत त्यांना?"

"नवीन काय सांगणार? माझ्या आजेसासूच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं. वरच्या अंगाला कालवा खणत होते. लांबून माणसं आली होती कामाला. त्यात साथ आली. काही मेले, काही पळाले. एक एवढासा पोर मागे राहिला. इथल्या चक्कीवाल्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या बायकोनं त्या पोराला कडेवर घेऊन आणला. नवरा म्हणाला, कुणाचं आहे ते तरी माहीत आहे का? तर ती म्हणाली, आता झालं ना माहीत. तोच पोर पुढे मोठा झाला, त्यानंच चक्की नावारूपाला आणली. तुमचे साहेब म्हणाले, हे कुणाला सांगू नका. मी म्हटलं, अहो, आता कुणाला सांगायचं राहिलंय? अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

भाऊजी, मी त्या ओढ्याकाठी उभी राहून मोठ्याने हसले आणि मग मला भयंकर संताप आला. तुमचे खापरपणजोबा दत्तक! तुमच्या त्या रक्ताचा उगम कालव्याच्या मातीत, आणि तिथून पुढे कोणालाच माहीत नाही! आणि हे कळल्यावर तुम्ही काय केलंत? ज्या तुटक रेघेत कसलाही अपमान नाही म्हणून मला शिकवत होतात, ती खापरपणजोबांच्या डोक्यावर काढायची वेळ आली तेव्हा तुम्ही गुपचूप बाप आणि आजोबाच खोडून टाकलेत. माझ्या मुलाला सरळ रेघ दिलीत ती तो आपला आहे म्हणून नव्हे. कोणाचीच रेघ कोणी निरखून बघू नये म्हणून. आणि वर मला लिहिता, भावना महत्त्वाच्या!

एवढा खोटेपणा मी वकिलांकडून समजू शकले असते. तुमच्याकडून नाही. जिना न हलवणारे तुम्ही, अख्खी माडी उडवलीत.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. मी खोटं लिहिलं. ते लिहिताना हात कापला नाही, हे जास्त वाईट.

पण मलाही राग आहे, आणि तो कुणावर काढू ते कळत नाही. म्हातारी बोलत होती तेव्हा मला बाबांचा हात कानावर जाणवत होता. जन्मभर मी त्या रक्ताला घाबरून वागलो. बाकीची मुलं खेळत असताना मी रेघा मारत बसलो, कारण चक्कीवाल्यांच्या घरात आळस चालत नाही. आणि त्या घरात तो मुलगा कडेवर बसून आला होता! बाबांना हे माहीत होतं का? माहीत असून त्यांनी माझा कान धरला असेल, तर मी त्यांना काय म्हणू? आता या वयात मी कोणाचा हे मला एक शेंगा सोलणारी बाई सांगते, आणि मी उठून तिला नमस्कारही न करता निघून येतो. इतका मी भेदरलो होतो.

वकीलदादांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "मेळावा चक्कीवाल्यांचा आहे, बेवारशांचा नाही. वरचा मजला काप." मी कापला.

तुम्ही आता माझ्याकडून काय करून घेणार आहात ते सांगा. भांडायचं बळ नाही.

भाऊजी


५ एप्रिल

भाऊजी,

बळ नाही म्हणून हात झटकू नका. माझं बळ म्हणजे माझा पोर, तो घरातून गेलाय, त्याचं काय?

दोघांना एकसारखी रेघ हवी. कसली काढायची ते तुम्ही ठरवा, पण खापरपणजोबांना एक आणि माझ्या मुलाला दुसरी हे चालणार नाही. खोडलेली माणसं परत आणा. आणि मग डेपोत जा. पत्र पाठवू नका, स्वतः जा. यंत्र कानाला लावून जा.

वहिनी


२३ एप्रिल

वहिनींना नमस्कार.

कागद पुन्हा काढला. दोघांनाही सरळ रेषा दिली. खापरपणजोबांच्या चौकटीत शब्दांत लिहिलं, 'कालव्याच्या कामावर आलेल्यांचं मूल. चक्कीवाल्या जोडप्याने वाढवलं.' घेऊन आधी वकीलदादांकडे गेलो. त्यांनी वाचलं आणि कागद माझ्या अंगावर फेकला. म्हणाले, "तुझं डोकं फिरलंय. उद्या मुलांच्या सोयरिकी जुळायच्या आहेत." मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तुमच्या पत्रांमुळे माझी भाषा बिघडली आहे. मेळाव्यात ते त्यांचा कापलेला कागद लावणार आहेत. मी जाणार नाही.

मग डेपोत गेलो. तो बसखाली होता. बाहेर नुसते पाय. मी आल्याचं सांगितलं, खाली ठोकाठोक सुरूच. शेवटी मी त्या पायांशीच बोलायला लागलो. गावची हकिकत सांगितली, मी काय लपवलं ते सांगितलं. आजूबाजूचे लोक काम सोडून बघत होते. मग खालून आवाज आला.

"काका, तेराचा पाना द्या."

मी दिला.

"हा चौदाचा आहे."

जन्मभर मोजमापं केलेला मी, पण माझ्या डोळ्यांना आकडा दिसत नव्हता. बरोबर पाना दिल्यावर तो म्हणाला, "ही रेघ वकीलकाकांनी काढली असती ना, तर त्या कागदावर मी नटबोल्ट ठेवले असते. तुम्ही काढलीत म्हणून लागलं."

मी म्हटलं, "मग मला शिव्या दे. आईचा काय दोष? तिच्याकडे का जात नाहीस?"

"गेलो की ती माझं तोंड बघणार आणि तुमच्याशी भांडणार. बाबा गेल्यापासून तिला उरलेत कोण? तुम्ही आणि काकू. माझ्यापायी तेही तोडून बसेल."

वहिनी, आपण दोघं जानेवारीपासून एकमेकांवर तुटून पडलोय, आणि तो ते होऊ नये म्हणून गाडीखाली लपून बसला होता. मी त्याला म्हटलं, ते केव्हाच होऊन गेलंय, तू आता खुशाल जा. तेव्हा कुठे बाहेर आला. काळा झाला होता नुसता. रविवारी येतो म्हणाला.

कागद त्याच्याकडेच दिला आहे.

भाऊजी


३० एप्रिल

भाऊजी,

आला. जेवला. पूर्ण जेवला, आणि वर म्हणाला, पंख्याचा आवाज कसा सहन करतेस. स्टुलावर चढून खोलून बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. तुम्ही तिथे गेलात, बोललात, हे मी विसरणार नाही. एवढं चांगलं लिहून झालं.

आता दुसरं. पंखा झाल्यावर त्याने तुमचा कागद पसरला. अगदी वर बोट ठेवून मला विचारलं, "आई, हिचं नाव काय?" मी चष्मा लावून बघितलं. चक्कीवाल्याचं नाव तुम्ही लिहिलंय, त्याच्या बापाचं लिहिलंय, आणि जिने तो पोर कडेवर घेऊन आणला तिच्या चौकटीत नुसतं 'पत्नी'.

पत्नी! भाऊजी, तुमच्या त्या अख्ख्या झाडात एकीने काही केलं असेल तर ते हिने. बाकीचे नुसते जन्माला आले. साथीच्या दिवसांत, ज्याला कोणी शिवायला तयार नव्हतं ते पोर हिने उचललं. त्या दिवशी ही घरात बसली असती तर तुम्ही नसता, तुमचे भाऊ नसते, वकील नसता, मेळावा नसता. आणि तुम्ही चक्कीचा दगड मोजून आलात, पण हिचं नाव विचारलं नाहीत. मीही विचारलं नाही, म्हणून माझ्यावरही चिडले आहे, पण वंशावळ मी काढत नव्हते.

उद्या मी मेल्यावर कोणी कागद काढला तर माझ्या चौकटीत काय लिहाल? तुमच्या भावाची पत्नी? त्या मुलाला पहिल्या रात्री मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?

परत जा गावी. नाव घेऊन या. कंबर दुखत असेल तर पट्टा बांधून जा.

वहिनी


२० मे

वहिनींना नमस्कार.

जाऊन आलो. त्या म्हातारीला आधी नमस्कार केला, मागच्या खेपेचाही. मग नाव विचारलं. तिला माहीत नाही. तिने शेजारच्या आळीत नेलं, तिथेही कोणाला माहीत नाही. गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला उन्हातून उठवून विचारलं. तो माझ्यावरच खेकसला. मग मीही त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, दगडांची नावं सांगता, ओढ्याचं सांगता, एवढ्या मोठ्या बाईचं नाव तुमच्यातल्या एकालाही लक्षात ठेवता आलं नाही? परत आलो तेव्हा घसा बसला होता.

निघताना म्हातारी म्हणाली, "साहेब, उगाच तापू नका. तिला नावानं हाक मारलेली कोणी ऐकलीच नाही. पोर आल्या दिवसापासून अख्खा गाव तिला त्याच्याच नावानं ओळखायचा. अमक्याची आई. भांडताना पण तेच म्हणायचे."

मी विचारलं, मानलेली आई, सांभाळलेली आई, असं काही म्हणायचे का? ती म्हणाली, "असं कसं म्हणतील? आई ती आई."

मुलाकडून कागद मागून आणला आणि 'पत्नी' खोडलं आहे. ब्लेडने खरवडून काढलं, तिथे कागद जरा पातळ झालाय. त्या चौकटीत आता 'खापरपणजोबांची आई' असं लिहिलं आहे. तुमचीही चौकट खरवडून कोरी केली आहे. तिथे काय लिहायचं ते मी ठरवणार नाही. पेन मुलाच्या हातात देईन.

भाऊजी